पत, ठेका आणि मालकी

महात्मा जोतीराव फुले यांचा उल्लेख समाजसुधारक, शिक्षणप्रवर्तक आणि ग्रंथकार म्हणून करण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे, की सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याच्या कटगुण या मूळ गावाहून पुणे प्रांती आलेल्या कुळातला हा पुरुष उपजीविकेने व्यापारी आणि ठेकेदार होता, ही गोष्ट त्यांच्या जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून सहसा ऐकू येत नाही. धातूच्या ओतकामास लागणाऱ्या साहित्याची विक्री त्यांनी केली. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' या पेढीच्या व्यवहारात ते होते. आणि कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा सरकारी कामांशी त्यांच्या ठेकेदारीचा संबंध आला. ज्याला कोणाच्या चाकरीत राहावे लागत नाही, ज्याचा रोजमुरा कोणा धन्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो, तो मनुष्य निर्भयपणे लिहू आणि बोलू शकतो. जोतीरावांच्या वाणीतील निर्भयतेला त्यांच्या स्वभावाइतकेच या स्वतंत्र उत्पन्नाचेही पाठबळ होते, असे मला वाटते. आणि ते उत्पन्न मिळाले ते कोणाच्या दानातून नव्हे, तर सरकारच्या बांधकाम खात्याने दिलेल्या कामांतून, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच जोतीरावांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, अमेरिकेतील काळ्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केलेला आहे. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. आणि १९७२ मध्ये मुंबईत जेव्हा 'दलित पँथर' उभी राहिली, तेव्हा तिने अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव जाणूनबुजून उचलले. तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी राजा ढाले हे सांगली जिल्ह्यातील नांद्रे गावचे. काळ्यांच्या प्रश्नात आपला प्रश्न पाहण्याची ही परंपरा अशी दीडशे वर्षांची, आणि तिचे धागे कृष्णाकाठच्या गावांपर्यंत पोहोचलेले आहेत. म्हणून दक्षिण आफ्रिकेत आज तंत्रज्ञानाच्या उद्योगात काळ्यांना मालकीचा वाटा मिळावा यासाठी जे कायदे झाले, त्यांचा विचार आपण आपल्या मुलखात उभे राहून करणे हे काही ओढून ताणून आणलेले प्रयोजन नव्हे.

तेथील हकिकत थोडक्यात अशी. १९९४ मध्ये वर्णद्वेषी राजवट संपून मताचा अधिकार सर्वांना मिळाला. परंतु कारखाने, खाणी, पेढ्या आणि कंपन्या पूर्वी ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. तेव्हा २००३ मध्ये तेथील संसदेने कृष्णवर्णीयांच्या व्यापक आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा केला. त्याची खुबी अशी, की तो कोणत्याही खाजगी कंपनीवर थेट सक्ती करीत नाही. तो तिचे गुण मोजतो. मालकीत काळ्यांचा हिस्सा किती, व्यवस्थापनात किती, कामगारांच्या शिक्षणावर खर्च किती, आणि माल कोणाकडून विकत घेतला, यांवर गुण पडतात. आणि सरकारी खरेदीत, परवान्यांत त्या गुणांचा विचार होतो. मोठ्या कंपनीला आपले गुण वाढवायचे असतील तर तिने गुण असलेल्या पुरवठादाराकडूनच माल घ्यावा लागतो, म्हणून कायद्याचा परिणाम सरकारी दप्तरापाशी न थांबता बाजारात खोलवर झिरपत जातो. माहिती-तंत्रज्ञान आणि दळणवळण या क्षेत्रासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र संहिता झाली, २०१६ मध्ये ती सुधारली, आणि तीत काळ्यांच्या मालकीचे उद्दिष्ट ३० टक्के ठेवण्यात आले. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की या कायद्यातील 'कृष्णवर्णीय' या संज्ञेत तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या नागरिकांचाही समावेश होतो. ज्या परदेशी कंपन्यांना आपले भागभांडवल विकणे मंजूर नसते, त्यांना त्याऐवजी तेवढ्याच तोलाची रक्कम स्थानिक उद्योजकांच्या उभारणीवर खर्च करण्याची सवलत आहे, आणि मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी ती घेतली. उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या प्रवेशावरून जो वाद जगभर गाजला, तो दळणवळण परवान्यासाठी असलेल्या अशाच ३० टक्के मालकीच्या अटीचा. दळणवळण परवान्यांनाही ही सवलत लागू करावी अशा आशयाचा मसुदा तेथील मंत्री सॉली मालात्सी यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केला.

आता आपल्याकडे वळू. भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी चढले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच, आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. परंतु पुढल्याच वर्षी घडलेला एक प्रसंग, जो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, तो मला या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक वाटतो. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी ही मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. मुलांकडे पैसे होते. दुप्पट भाडे देऊ केल्यावर अखेर एक गाडीवान तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने पायी चालू. वाटेत टोलनाक्यावर पाणी मागितले, तर तेही मिळाले नाही. बरोबर घेतलेली शिदोरी पाण्यावाचून तशीच राहिली.

या प्रसंगात दारिद्र्य नाही, हे नीट पाहिले पाहिजे. खजिनदाराची मुले, अंगावर नवे कपडे, खिशात दुप्पट भाडे, आणि तरीही बाजार त्यांच्याशी व्यवहार करायला राजी नाही. पैसा ही सर्वांत निःपक्षपाती वस्तू आहे, बाजाराला जात नसते, असे जे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते, त्याला मसूरच्या स्टेशनाने दिलेले हे उत्तर आहे. उद्योगात तर हा अडथळा अधिकच सूक्ष्म होतो, कारण उद्योग केवळ पैशावर चालत नाही. तो पतीवर चालतो, आणि पत म्हणजे दुसऱ्याच्या मनातील आपल्याविषयीचा भरवसा.

पतीला तारण लागते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तारण म्हणजे जमीन. महारांच्या वाट्याला जी जमीन होती ती वतनाची, म्हणजे गावच्या आणि सरकारच्या सेवेच्या मोबदल्यात कसण्यापुरती दिलेली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक आणले. कनिष्ठ गावकी वतने प्रत्यक्ष खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. खालसा झालेली जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन वतनदारांना परत मिळाली खरी, पण ती नव्या आणि अविभाज्य शर्तीवर: हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, वर नजराणा. ज्या सातबाराच्या उताऱ्यावर असा शेरा आहे, त्याच्यावर कर्ज देताना बँकेचा अधिकारी कसा हात आखडता घेतो, हे सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही गावात विचारून पाहावे. आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात गेल्या पाऊणशे वर्षांत जी सुबत्ता आली ती सहकारी साखर कारखानदारीतून. तिथे सभासदत्वाचा भाग ऊसउत्पादकाचा, म्हणजे पुन्हा जमीन असणाऱ्याचाच. भूमिहीन माणूस त्या सुबत्तेत शिरला तो ऊसतोडीच्या कोयत्याने किंवा कारखान्यातल्या नोकरीने. मालक म्हणून क्वचितच.

या दोन जिल्ह्यांत औद्योगिक तंत्रज्ञान लवकर आले, हेही विसरून चालणार नाही. औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत वसवली, लोखंडी नांगर घडवले, आणि त्या वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना निघाला. साताऱ्याजवळ कूपर यांचा. कर्मवीर भाऊराव पाटील हे शिक्षणाच्या कार्याला वाहून घेण्यापूर्वी याच किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते, कूपरांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध होता, आणि गावोगाव नांगर विकत फिरताना बहुजनांच्या अज्ञानाचे जे दर्शन त्यांना घडले त्याचा त्यांच्या पुढील कार्यात वाटा होता. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ही थोर कामगिरी आहे. पण तिने उघडले ते शाळेचे दार, आणि शाळेतून पुढे नोकरीचे. भांडवलाचे आणि मालकीचे दार त्या काळी कोणाच्या हाती नव्हते, किंवा ज्यांच्या हाती होते त्यांना ते उघडण्याचे सुचले नाही.

ते दार ढकलून आत गेलेला एक माणूस सांगली जिल्ह्यातच जन्मला. तासगाव तालुक्यातील पेड या गावचे अशोक खाडे हे चर्मकार कुटुंबातले. वडील मुंबईत रस्त्याच्या कडेला बसून चपला-जोडे शिवत. आई गावात दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाई. थोरले बंधू दत्ता माझगाव डॉक या सरकारी जहाजबांधणी कारखान्यात वेल्डर होते. अशोकरावांना डॉक्टर व्हायचे होते. ते परिस्थितीने जमले नाही, तेव्हा तेही माझगाव डॉकमध्ये उमेदवार म्हणून शिरले, आरेखनाचे काम शिकले, आणि नोकरी सांभाळून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका मिळवली. आरेखकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कागदावरच्या रेघा वाटतात. प्रत्यक्षात कोणत्या पत्र्याला किती जाडी, कोणता सांधा आधी जोडायचा आणि कोणता मागाहून, एवढ्या टनांचा सांगाडा उचलताना भार कोठे पडेल, याचे संपूर्ण ज्ञान त्या रेघांत साठवलेले असते, आणि ज्याला ते आले त्याला कारखाना आला. पाणबुड्यांच्या बांधणीनिमित्त कारखान्याने त्यांना जर्मनीला पाठवले. तेथे आपल्याच तोडीचे काम करणाऱ्या जर्मन सहकाऱ्याचा पगार आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे हे त्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर भावांसह स्वतःचा उद्योग काढण्याचे ठरवले. दत्ता, अशोक, सुरेश या तीन नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव 'दास ऑफशोअर' झाले. समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांची बांधणी आणि दुरुस्ती हे तिचे मुख्य काम, आणि मुंबईतील स्कायवॉकचीही कामे तिने केली. हजारो माणसे तिच्या कामावर राहिली. पेडमध्ये ज्या शेतांवर आईने मजुरी केली त्या शेतांपैकी काही जमीन त्यांनी विकत घेतली, आणि ज्या देवळात लहानपणी प्रवेश नव्हता त्याचा जीर्णोद्धार केला.

ही कथा वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत कर्तबगारीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि कर्तबगारी तर आहेच. मला मात्र तिच्यातील दोन बारकावे अधिक महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, की खाडे यांच्या कंपनीला सुरुवातीचे काम मिळाले ते माझगाव डॉककडून, म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील त्या कारखान्याकडून, ज्याने या माणसाचे काम वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले होते. जोतीरावांना बांधकाम खाते, खाडे यांना माझगाव डॉक: दोघांनाही प्रथम भरवसा टाकणारा ग्राहक भेटला तो सरकारचा. दुसरा बारकावा दुःखद आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात ते आपल्या कार्डावर पूर्ण आडनाव छापत नसत, आद्याक्षरावर भागवीत. समुद्रात पोलादी फलाट उभारण्याची विद्या ज्याच्या हाती, त्याला पेडचे आडनाव झाकावे लागले, याचे कारण आपल्या बाजारातच शोधले पाहिजे.

भारत सरकारने हा पहिला बारकावा उशिरा का होईना ओळखला. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की' या संस्थेने लावून धरलेली मागणी हीच होती, की आम्हांला अनुदान नको, खरेदीत वाटा द्या. तिच्या आधी २००२ मध्ये दिग्विजय सिंह यांच्या काळी मध्य प्रदेशात भोपाळ जाहीरनाम्याने हाच विचार मांडला होता. २०१२ च्या खरेदी धोरणाने केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, आणि एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून करावी असे ठरवले. २०१५ पासून ते बंधनकारक झाले. अशा उद्योगांना निविदेचा नमुना विनामूल्य मिळतो, अनामत रक्कम माफ असते, आणि सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर भरला असेल तर तो खाली आणून कामाचा काही भाग घेण्याची संधी मिळते. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात ४ टक्क्यांचे उद्दिष्ट असताना खरेदी बराच काळ १ टक्क्याच्या आतच राहिली. दोष कोठे आहे, हे एखादी निविदा उलगडून वाचली की दिसते: मागील तीन वर्षांची अमुक उलाढाल, यापूर्वी पार पाडलेल्या तशाच कामाचा दाखला, बँकेची हमी. ज्याला आजवर कोणी काम दिले नाही त्याच्याकडे काम केल्याचा दाखला मागायचा, आणि दाखला नाही म्हणून काम द्यायचे नाही, या चक्रात नवा उद्योजक फिरत राहतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेतून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली. पण मागणीपत्र हाती नसताना घेतलेले कर्ज उद्योगाला तारत नाही, बुडवते.

आणि हे सारे सरकारी खरेदीचे झाले. ज्या माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगाकडे आज सातारा-सांगलीचे प्रत्येक घर डोळे लावून बसले आहे, तो या व्यवस्थेच्या संपूर्णपणे बाहेर आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद, साखराळ्याचे राजारामबापू अभियांत्रिकी यांतून निघणारी मुले महामार्गाने हिंजवडीला जातात. १९८३ मध्ये सांगलीचेच सुपुत्र, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तिने ही वाट रुंदावली. आणि शुल्कमाफी व शिष्यवृत्तीच्या आधाराने मातंग, महार, चर्मकार, रामोशी अशा घरांतील पहिली पदवीधर मुलेही त्या वाटेने निघाली. दरवाजावर मात्र त्यांची गाठ मसूरच्या गाडीवानाच्या सुशिक्षित वंशजाशी पडते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, भिन्न होती ती केवळ नावे. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या सुमारे दोन-तृतीयांश भरली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून जे टिपले, ते प्रत्येक उमेदवाराच्या परिचयाचे आहे: गुणवत्तेखेरीज आम्ही काही पाहत नाही, असे म्हणणारा अधिकारीच मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' विचारतो. वडील काय करतात, या प्रश्नाला ऊसतोड मजुराच्या मुलाने दिलेले खरे उत्तर त्याच्या गुणपत्रिकेवर शाईसारखे सांडते.

काळ्या माणसाची कातडी दिसते; जात आडनावात, गावाच्या नावात, जेवणाच्या डब्यात दडलेली असते, म्हणून ती मोजली जात नाही, आणि मोजली जात नाही म्हणून ती नाहीच असे मानले जाते. सातासमुद्रापारही हे ओझे उतरत नाही, असा आरोप करणारा दावा २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को या कंपनीविरुद्ध दाखल केला. फिर्यादीतील अभियंता आणि त्याचे वरिष्ठ भारतीयच. त्यातील दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातिभेदास बंदी करणारा कायदा केला, तो पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक ऑक्टोबरमध्ये तेथील गव्हर्नरांनी नामंजूर केले.

दक्षिण आफ्रिकेचा कायदा जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. तेथे राज्यकर्त्यांच्या निकटवर्ती अशा थोडक्या मंडळींनीच त्याचा मलिदा खाल्ला, अशी टीका खुद्द काळ्या समाजातून झाली आहे. आणि दिवाणजीला किंवा शिपायाला नामधारी मालक करून गुण लाटण्याचे प्रकार इतके बोकाळले, की २०१३ च्या दुरुस्तीने तो फौजदारी गुन्हा ठरवावा लागला. बेनामी व्यवहाराची विद्या आपल्याकडे तर फारच जुनी आहे. मागासवर्गीयांच्या नावावर कागद आणि दुसऱ्याच्या हाती तिजोरी, हे चित्र येथे कोणाला नवे वाटणार नाही. तरीही त्या कायद्यातील एक तत्त्व निःसंशय घेण्याजोगे आहे, ते मोजणीचे. मोठी कंपनी आपला माल आणि सेवा कोणाकडून घेते, हे तिने जगापुढे मांडावे. हिंजवडी-खराडीच्या संकुलांना बस लागतात, उपाहारगृहे लागतात, जाळ्याची आणि यंत्रांची देखभाल लागते, प्रणालींची चाचणी बाहेर द्यावी लागते. यांतले कोणतेही काम पेडच्या, नांद्र्याच्या किंवा कटगुणच्या तरुणाची पाच-दहा माणसांची कंपनी करू शकत नाही, असे म्हणण्याला कसलाच आधार नाही. तिला हवा आहे पहिला ठेका, आणि त्या ठेक्याचा दाखला.

हे मागण्याचे साधन आपल्या हाती आजही आहे. सेबीच्या नियमानुसार देशातील आघाडीच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी आपल्या सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात एक प्रश्न असा आहे: उपेक्षित घटकांतील पुरवठादारांना प्राधान्य देण्याचे तुमचे धोरण आहे काय, ते घटक कोणते, आणि एकूण खरेदीत त्यांचे प्रमाण किती टक्के? उत्तर ऐच्छिक ठेवलेले आहे. वाचकांपैकी अनेकांकडे या कंपन्यांचे शेअर असतील, अनेकांची मुले त्यांत नोकरीस असतील. त्यांनी आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा तो अहवाल उघडावा, या प्रश्नापुढे काय लिहिले आहे ते वाचावे, आणि जागा कोरी असेल किंवा 'नाही' असे उत्तर असेल, तर वार्षिक सभेत उठून ते का, हे विचारावे.